बारा बेपत्ता इटालियन इसम

पस्तीस वर्षांच्या नोकरीतले खून आणि दरोडे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे सांगायला डायरी उघडावी लागते. महबूल्यातलं पार्सल मात्र डायरी न उघडता आठवतं, आणि तो तपास माझ्या नोकरीतला नव्हताच. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. हद्द माझी नव्हती, देश माझा नव्हता आणि हाताखाली एकही हवालदार नव्हता. यातल्या माणसांची नावं मी सांगणार नाही. बहुतेक जण अजून तिथेच राहतात, आणि जी एक तिथे राहत नाही ती माझ्या घरात राहते.

माझी मुलगी कुवेतमध्ये, महबूला नावाच्या वस्तीत राहते आणि लोकांची घरं आतून सजवून देण्याचं काम करते. जावई तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. गणपती उठल्यावर मी आणि आमची सौ. दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो. दिवाळी तिकडेच करायची असं ठरलं होतं, त्यामुळे सौ.च्या दोन बॅगांमध्ये कपडे कमी आणि फराळाचं सामान जास्त होतं. पहिल्या आठवड्यात मला एकच गोष्ट जाणवली, ती म्हणजे तिथली हवा मला फार मानवली. ठाण्यात असताना रात्रीसुद्धा नीट झोप लागत नसे. इथे दुपारी जेवण झालं की मी जो आडवा व्हायचो तो थेट पाचला उठायचो. सौ. रोज वाटीभर खीर करत होती. ती खायची आणि झोपायचं, असं माझं सुखाचं चाललं होतं.

मग एका गुरुवारी मुलगी रडवेली होऊन घरी आली. तिथल्याच सलवा भागात राहणाऱ्या एका कुवेती बाईंच्या घराचं काम तिच्याकडे होतं. या बाई तरुणपणी रोममध्ये शिकलेल्या. त्यांनी तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून जलरंगातली बारा चित्रं विकत घेतली होती. फ्रेम करायची म्हणून ती थेट माझ्या मुलीच्या पत्त्यावर मागवली. कुरियर कंपनी म्हणत होती, पार्सल सोमवारीच बिल्डिंगमध्ये पोचलं, घेणाऱ्याची सही आहे. सही म्हणजे एक वेटोळं होतं.

बिल्डिंगच्या रखवालदाराला तिकडे हारिस म्हणतात. आमचा हारिस रत्नागिरीकडचा, पन्नाशी ओलांडलेला, वीसेक वर्षं कुवेतमध्ये काढलेला. कुणाचंही पार्सल आलं की तोच घ्यायचा. मुलीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नाय ओ बाय, पार्सल-बिर्सल काय आला नाय."

कुवेती बाई सभ्य होत्या, पण चित्रं जुनी होती आणि त्यांच्या जिवाच्या जवळची होती. त्या म्हणाल्या, रविवारी सकाळपर्यंत सापडली नाहीत तर मी मखफरला तक्रार देईन. मखफर म्हणजे तिथलं पोलीस ठाणं. तक्रार झाली असती तर पहिला हात हारिसवर पडला असता. त्याचा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द झाला असता आणि तो पहिल्या विमानाने घरी गेला असता. त्याची मुलगी रत्नागिरीला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. हे सगळं सांगून माझी मुलगी म्हणाली, "बाबा, चाचांनी घेतलं असेल असं मला वाटतच नाही. पण तुम्ही काही करू नका हं. इथे कुणाला दमदाटी करायची नाही."

मी दमदाटी कधीच करत नाही. मी फक्त तपास हातात घेतला.

"म्हणजे पोलीस घरी येतील का हो?" सौ.ने विचारलं.

"येतील की. घर बघतील, जबाब घेतील."

यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि पुन्हा खीर करायला लागली. त्याच वेळी मला संशय यायला हवा होता, पण खीर चांगली होती.

बेपत्ता मालाचं वर्णन हा तपासाचा पाया. मुलीच्या लॅपटॉपवर बाराही चित्रांचे फोटो होते. कोणे एके काळी एक भटका चित्रकार पाठीवर सामान टाकून इटलीतल्या खेड्यांमधून हिंडला होता. गावोगावच्या शेतकऱ्यांना सणाचे कपडे घालायला लावून, समोर उभं करून त्याने ही चित्रं काढली होती. प्रत्येक गावाचा पोशाख वेगळा. माणूस हातभर उंचीचासुद्धा नाही, पण बटणं मोजून घ्यावीत इतकं नेमकं काम. इतका चोख पंचनामा माझ्या हाताखालच्या एकाही जमादाराने कधी केला नाही. मी मुलीची वही घेतली आणि सवयीप्रमाणे लिहायला बसलो.

"इसम क्रमांक एक. स्त्री, वय अंदाजे पंचवीस, बांधा मध्यम, रंग गोरा. अंगात तांबडी चोळी, समोरून नाडीने आवळलेली. डोक्यावर पांढऱ्या कापडाची चौकोनी घडी. गळ्यात पोवळ्यांची माळ. डोक्यावर तांब्याची कळशी, ती रिकामी असावी. इसम क्रमांक दोन. पुरुष, वय अंदाजे चाळीस, मिशी भरघोस, अंगात बकऱ्याच्या कातड्याचं जाकीट, पोटऱ्यांना चामडी पट्टे गुंडाळलेले, काखेत फुंकून वाजवायची पिशवी. नजर संशयास्पद. इसम क्रमांक तीन. वृद्ध स्त्री, हातात सूत कातायची चाती, पायात चिंध्या बांधलेल्या..."

मुलीने मागून वाचलं. "बाबा, ही चित्रं हरवलीत. माणसं नाही."

"वर्णन हे वर्णनच असतं," मी म्हणालो आणि बाराव्या इसमापर्यंत लिहून खाली सही केली. सात स्त्रिया, पाच पुरुष.

मग हारिसला बोलावलं नाही, मी स्वतःच खाली त्याच्या खोलीत गेलो. माणूस स्वतःच्या खोलीत असला की त्याची नजर कुठे जाते ते बघता येतं. त्याने स्टोव्हवर चहा टाकला.

"सोमवारी कुरियरवाला आला होता ना?"

"आला आसंल. रोज धा येतात सायब."

"तुम्ही सही केलीत?"

"मना सय येत नाय, मी नुसता गोल मारतो." एवढं बोलून त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने घाईघाईने पुढे जोडलं, "आनि त्या दिवशी मी गोल पन नाय मारला."

खोटं बोलण्यात हा माणूस अगदीच कच्चा होता. पण कबूल करीना. मी आवाज चढवला, तो खाली बघत राहिला. मी आवाज उतरवला, आपल्या बाजूच्या मासळीबद्दल बोललो, मुलीच्या शिक्षणाबद्दल विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी पार्सलचं नाव नाही. जाताना त्याने मला एकच विचारलं, "भाबी बऱ्या हायत ना? त्यांचा प्रेशर वाढला नाय ना?"

माझ्या बायकोचं ब्लडप्रेशर याला कसं माहीत? वर येताना लिफ्टमध्ये मी यावर विचार केला. ती रोज सकाळी खाली चक्कर मारायला जायची आणि परत यायला बराच वेळ लावायची, हे मला आठवलं. तिचं माहेर चिपळूणचं, त्यामुळे त्या दोघांच्या गप्पा रंगत असणार. तरीपण वयाची साठी उलटल्यावर माणसाला नको ते संशय येऊ नयेत. मला आले. शुक्रवारी सकाळी मी खिडकीतून सौ.वर पाळत ठेवली. ती आणि हारिस दोन मिनिटं कुजबुजले. तिने पदराने तोंड पुसलं. त्याने छातीवर हात ठेवून तिला काहीतरी वचन दिलं. मग आपली सौ. वर आली आणि मला म्हणाली, "आज वारा नाही बाई खाली अजिबात."

शुक्रवारीच खबर लागली. बिल्डिंगखाली बकाला आहे, म्हणजे वाण्याचं छोटं दुकान. मालक रायगडच्या किनाऱ्यावरचा. मी दूध घ्यायला गेलो तेव्हा त्याने आजूबाजूला बघून आवाज खाली केला. खबरी जगात कुठेही असो, आवाज असाच खाली करतो.

"काका, माझं नाव कुठे यायला नको. सोमवारी तो कुरियरवाला माझ्याकडे पाणी प्यायला. पार्सल हारिसनेच घेतलं, मी डोळ्यांनी बघितलं. पण एक सांगू? त्याने आधी वरचं लेबल बोटाने एकेक अक्षर लावत वाचलं आणि तो घाबरला. अगदी पांढरा पडला. मग पार्सल छातीशी धरून लिफ्टमध्ये शिरला. खाली त्याच्या खोलीत नाही गेला, वर गेला."

ही खबर घेऊन मी सोफ्यावर बसलो आणि विचार केला. चोराला मालाची किंमत जाणून घ्यायची खाज असते. "सायब, काय होतं त्यात?" हे तो कधी ना कधी विचारतोच. हारिसने एकदाही विचारलं नव्हतं. म्हणजे त्याला वाटत होतं की आत काय आहे ते त्याला ठाऊक आहे. आणि घाबरून पार्सल पळवणारा चोर मी पस्तीस वर्षांत पाहिला नव्हता. इथपर्यंत माझी गाडी बरोबर आली, आणि मग खीर खाऊन मला झोप लागली.

शनिवार उजाडला. मुलीला कुवेती बाईंचा फोन येऊन गेला होता. उद्या सकाळी आठला त्या मखफरला जाणार होत्या. जावई कारखान्यातल्या कामावर अडकलेला. मी म्हणालो, "रोमच्या व्यापाऱ्याने पाठवलेले सगळे कागद दाखव." हे खरं तर मी गुरुवारीच मागायला हवे होते. एखाद्या नवख्या फौजदाराने ही चूक केली असती तर मी त्याला उभा-आडवा झोडला असता.

कागदांत पार्सलचा एक फोटो होता. व्यापाऱ्याने बांधाबांध झाल्यावर काढलेला. वर मुलीचं नाव, फ्लॅट नंबर, आणि त्याखाली लाल रंगात बोटभर उंचीची अक्षरं. मला इंग्रजी वाचायला चष्मा लागतो आणि इटालियन वाचायला चष्म्यानेही काही होत नाही. मी एकेक अक्षर मोठ्याने लावलं.

"सी, ओ, एस, टी, यू, एम, आय. कॉस्टमी."

स्वयंपाकघरात पळी पडली.

सौ. दारात आली. तिचा चेहरा पाहून मी उठून उभा राहिलो.

"आलं का?" ती म्हणाली. "कस्टमचं पत्र आलं का?"

"आई, कस्टम नाही गं," मुलगी म्हणाली. "कोस्तूमी. इटालियनमध्ये म्हणजे पोशाख. आत पोशाखांची चित्रं आहेत म्हणून लिहिलंय."

सौ. दाराची चौकट धरून खालीच बसली. आधी रडली, मग हसायला लागली, मग पुन्हा रडली. मी पाणी दिलं आणि खुर्ची ओढून समोर बसलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड चौकशी आता होती.

हकिगत अशी निघाली. फराळाच्या सामानात तिने अनारशांसाठी पाव किलो खसखस आणली होती. आखातात खसखस आणायला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. आपल्याकडे मटणाच्या वाटणात आणि अनारशांवर घालायची ती साधी खसखस तिकडे कस्टमवाल्यांच्या दृष्टीने भलतीच चीज आहे. हे तिला माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ती बकाल्यात जाऊन "खसखस ठेवता का हो?" असं सगळ्यांदेखत विचारून बसली. दुकानदार म्हणाला, "काकू, हे नाव पण इथे काढू नका. कस्टमवाले घरी येतात." हारिस तिथेच खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, घ्यायला उभा होता. तिने त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, भाऊ, कस्टमकडून आमच्या फ्लॅटला काहीही आलं तर साहेबांच्या हाती देऊ नका.

"आणि ती खसखस कुठे आहे?" मी विचारलं.

"संपली."

"संपली म्हणजे? कचऱ्यात टाकलीस?"

"कचऱ्यात कशी टाकणार? तुम्हीच म्हणता ना, पोलीस आधी कचरा उलटतात. तुम्हाला घातली. खिरीतून."

मुलगी उठून गॅलरीत गेली. तिचे खांदे हलत होते, ती हसत होती. मी मात्र तिथल्या हवेचं आणि माझ्या दुपारच्या झोपेचं गणित जुळवत बसलो होतो. गुन्ह्यातला सगळा मुद्देमाल तपासी अधिकाऱ्याने रोज वाटीभर याप्रमाणे स्वतः गिळला होता, वर दोनदा मागूनही घेतला होता.

आम्ही तिघं खाली गेलो. हारिसने आधी माझ्याकडे, मग सौ.कडे पाहिलं.

"भाऊ, सांगून टाका," सौ. म्हणाली. "साहेबांना सगळं कळलंय."

"भाबी, मी तुमाला सांगनारच नव्हतो. तुमचा प्रेशर. म्हटला उगाच पार्सल आला म्हनून कशाला घाबरवायचा."

म्हणजे लाल अक्षरं वाचून त्यालाही ते कस्टमचंच वाटलं होतं, आणि पार्सल लपवल्याचं तो तिलाही बोलला नव्हता. पोलीस येणार म्हटल्यावर तिला खसखशीची धास्ती, कस्टम येणार म्हणून त्याला तिची काळजी, आणि दोघांच्या कुजबुजीवर माझी पाळत. शुक्रवारी त्याने छातीवर हात ठेवून दिलेलं वचन इतकंच होतं की खसखशीचं नाव त्याच्या तोंडून निघणार नाही.

तो आम्हाला गच्चीवर घेऊन गेला. बाहेर अंगाची काहिली होत होती, पण लिफ्टच्या मशीनच्या खोलीत यंत्रं तापू नयेत म्हणून एसी सतत चालू असतो. बिल्डिंगमधली ती सगळ्यात गार जागा. तिथे मागच्या कोपऱ्यात, धुतलेल्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून त्याने पार्सल ठेवलं होतं. टाचणीचाही ओरखडा नव्हता. मुलीने तिथेच जमिनीवर बसून ते उघडलं आणि एकेक इसम बाहेर काढला. मी वहीत खुणा करत गेलो. बाराच्या बारा हजर.

हारिस वाकून बघत होता. "ह्ये कोन?"

"इटलीचे शेतकरी," मी म्हणालो.

"शेतकरी? येवढ्या कपड्यात?" मग त्याने चाती घेतलेल्या म्हातारीचं चित्र हातात घेतलं आणि लांबून, जवळून पाहिलं. "ह्या बायला लय वेळ उभी केली त्यांनी. बगा ना, एका पायावर भार घेतलाय. गुडघा दुखत आसंल तिचा."

मी त्या म्हातारीचं वर्णन लिहिलं होतं. वय, कपडे, चाती, पायातल्या चिंध्या, सगळं. गुडघा मला दिसला नव्हता.

मुलीने तिथूनच कुवेती बाईंना फोन लावला आणि लेबलची भानगड सांगितली. त्यांचं हसणं मला दोन हातांवरून ऐकू आलं. खसखशीचा भाग तिने गाळला. मीही तो गाळू दिला. आयुष्यात पहिल्यांदाच पुरावा नष्ट झाल्याचा मला आनंद झाला.

पण एक प्रश्न राहिला होता आणि तो विचारल्याशिवाय मला खाली उतरवेना. मी हारिसला विचारलं, "तुमचा अकामा गेला असता. मुलीचं शिक्षण अर्ध्यावर राहिलं असतं. मला एक शब्द बोलला असतात तर मीच सगळं मिटवलं नसतं का?"

तो सौ.कडे बघायला लागला. ती गच्चीच्या कठड्याकडे बघत होती.

"सायब, राग नका मानू," तो हळूच म्हणाला. "भाबी बोलल्या, तुमी सख्ख्या मेव्हन्यावर पन केस केलेली. मना वाटला, कागद तुमच्या हातात पडला तर तुमी भाबीना पन सोडनार नाय."

मेव्हण्याची, म्हणजे सौ.च्या भावाची, ती केस खरी आहे. लायसन्स नसताना मोटारसायकल चालवली म्हणून त्याला मी स्वतः ठाण्यात उभा केला होता. निरोप समारंभाच्या भाषणात मी ती गोष्ट छाती फुगवून सांगितली होती आणि टाळ्याही पडल्या होत्या. सौ. पहिल्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या की नाही, हे पाहायचं माझ्या कधी मनातच आलं नाही.

खाली आल्यावर मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तिने पळी उचलून धुतली. "तुम्हाला काही सांगायचं म्हणजे जबाब द्यावा लागतो," ती म्हणाली. "कधी, कुठे, कुणासमोर. एवढ्याशा खसखशीसाठी कोण देणार?"

मला त्या वेळी वाईट वाटलं, हे सरळ सांगतो. हा तपास मला जे शिकवून गेला ते कुठल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवत नाहीत. खोटं बोलणारा माणूस काहीतरी मिळवण्यासाठी खोटं बोलतो, या हिशेबावर मी पस्तीस वर्षं काढली. माझ्याच बायकोला माझ्यापासून वाचवायला एक परका माणूस आपली नोकरी पणाला लावून खोटं बोलेल, हा प्रकार कुठल्याच कलमात बसत नव्हता. नोकरीभर मी चारचौघांत सांगत आलो की माझ्या घरात आजवर एकही गुन्हा घडला नाही. आता कळतं, घडत असणारच. फिर्याद द्यायला कुणी पुढे येत नव्हतं, इतकंच.